फ्री थ्रोची रेघ

४ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टर म्हणाले, बळीरामजी, गोळी वाढवायच्या आधी एक करून पाहा. डोक्यात जे फिरत राहतं ते रोज वहीत उतरवा. मी म्हटलं, साहेब, मी नववी नापास. कॉलेजात शिपाई होतो, प्रोफेसर नव्हतो. ते म्हणाले, काळजी करायला कुठे शिक्षण लागलं? म्हणून ही वही. बियाण्याच्या कंपनीची दोन वर्षांपूर्वीची डायरी आहे, छापील तारीख खोडून आजची घालतो. बीपी १५६/९४.

तर आजची काळजी. झोनच्या बास्केटबॉल स्पर्धा दसऱ्यानंतर यवतमाळला आहेत आणि आपल्या मुलींच्या टीममधल्या दोघींची उन्हाळ्यात लग्नं झाली. राहिली कॅप्टन प्रेरणा, बाकी सगळ्या नव्या. लालीबाईच्या टपरीवर आम्ही संध्याकाळी बसतो तिथून कॉलेजचं कोर्ट सरळ दिसतं. आम्ही म्हणजे चौघे. भीमराज टेलर, याने तीस वर्षं टीमचे ड्रेस शिवले. जीवन, मोबाइल दुरुस्त करतो, आमच्यात सगळ्यात तरणा, म्हणजे पंचेचाळीसचा. गुलाबसिंग, तांड्यावरून रोज मोटारसायकलवर येतो, एकेकाळी याच कॉलेजचा सगळ्यात मोठा खेळाडू. आणि मी.

वाद दरवर्षीचाच. आपली टीम घरच्या कोर्टवर कुणालाही हरवते आणि बाहेर गेली की फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर रेघेवरून एकट्याने टाकायचे चेंडू, आखूड पडतात. चाळीस वर्षं हेच चाललं आहे, मुलांची टीम असो की मुलींची. भीमराज म्हणतो, बाहेरचं पाणी बाधतं. जीवन म्हणतो, मानसिक आहे, त्याने मोबाइलवर पाहिलं. लालीबाई म्हणते, नजर. आणि पाहुणे आमच्याकडे आले की त्यांचे फ्री थ्रो रिंगच्या पलीकडे बोर्डावर आपटतात, त्याचा आम्हाला अभिमान. आपल्या रिंगला परका हात चालत नाही, असं भीमराज अजून सांगतो.

गुलाबसिंग या वादात पडत नाही. कसा पडेल? आमच्या गावात चेंडू रिंगपर्यंत पोचला नाही की पोरं म्हणतात, "गुलाब गेला." १९८७ पासून म्हणतात. प्रेरणाही म्हणते. गुलाब हे कुणा माणसाचं नाव आहे हे तिला माहीत नाही. तो माणूस भिंतीच्या अलीकडे बशीत चहा ओतत असतो.

५ ऑगस्ट

काही नाही. बीपी १५०/९०. पाठ दुखते.

११ ऑगस्ट, सोमवार

आजचं लिहायलाच पाहिजे.

कॉलेजात नवीन क्रीडाशिक्षिका आल्या आहेत, ममता मॅडम. तिशीच्या आत असतील. आल्या आल्या स्टीलचा टेप घेऊन कोर्ट मोजायला लागल्या. एक टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून मला भिंतीपलीकडून हाक मारली. मी आनंदाने गेलो. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, कोर्टवर कुणी बोलावलं की बरं वाटतं.

लांबी बरोबर निघाली. रुंदी बरोबर. मग मागच्या रेघेपासून फ्री थ्रोची रेघ मोजली. मॅडमनी टेपवर बोट ठेवलं आणि पुन्हा मोजायला लावलं. मग दुसऱ्या बाजूची मोजली. दोन्हीकडे चौतीस सेंटिमीटर कमी. फुटाहून जास्त. म्हणाल्या, "बाबा, या मुली आयुष्यभर जवळून फेकत आल्या आहेत. बाहेर जाऊन कशा टाकतील? ही रेघ कुणी आखली?"

मी म्हटलं, "ठेकेदारानं."

ते अर्धं खरं आहे. कोर्ट सिमेंटचं झालं तेव्हा रंग ठेकेदाराच्या माणसाने मारला. पण रेघ कुठे मारायची ते त्याला मी दाखवलं होतं. माझ्या दोराने.

पेन्शन थांबवता येते का, जीवनला विचारायला पाहिजे. दुसऱ्याचं आहे असं सांगून विचारीन.

१२ ऑगस्ट

झोप नाही. सगळं आठवत बसलो.

तेव्हा कोर्ट मुरमाचं होतं. सामना असला की दुपारी तीनला मी पाणी मारायचो, पायाने दाबायचो, मग घमेल्यात चुना कालवायचो. चार बाजूंना विटा पुरल्या होत्या, त्या कधी हलल्या नाहीत. फक्त फ्री थ्रोची रेघ दोराने काढायची. जुन्या पीटी सरांचा कापडी टेप कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात, म्हणून त्यांनी मला एक नायलॉनची दोरी गाठ मारून दिली होती. ती ८५ साली कुणीतरी बकरी बांधायला नेली. मी जिनिंगमधून सरकी काढलेला कापूस आणला, सूत काढून स्वतः दोर वळला. सरांकडून टेप मागून घेतला, कोरडा दोर नीट मोजला, पाच मीटर ऐंशीवर गाठ मारली. त्या गाठीचा मला मोठा अभिमान होता. मग तो दोर चुन्यात बुडवायचा, टाकायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा.

सुती दोर भिजला की आटतो. कापसाच्या मुलखात जन्म गेला आणि हे मला कळलं नाही. बायकोला, कांताला विचारलं, धुण्याची सुती दोरी आटते का गं? ती म्हणाली, "मंग? लहान लेकराले माहीत हाये." का विचारलं ते तिने विचारलं नाही. म्हणजे तिला संशय आला.

काय दिवस होते पण. पाच वाजता सायकली लागायच्या भिंतीला. जिनिंगचे हमाल कामावरून सरळ यायचे, केसात कापूस तसाच. भिंतीवर माणसं बसायची, झाडावर पोरं. आणि गुलाबसिंग. वीस वर्षांचा, काटक, तांड्यावरून चालत यायचा. चेंडू हातातून सुटला की तो रिंगकडे बघतही नसे, मागे वळून पळायला लागे.

८७ साली अमरावतीला विद्यापीठाची फायनल होती. आपलं कॉलेज तिथे पहिल्यांदाच गेलं होतं. आम्ही ट्रकमध्ये उभे राहून गेलो. शेवटचे काही सेकंद, आपण एका गुणाने मागे, गुलाबसिंगला दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर कप आपला. दोन्ही रिंगच्या पुढच्या कडेला लागून पडले. दोन्ही आखूड.

विद्यापीठाची टीम निवडणारे समोरच बसले होते. त्या टीममधून पोलिसात खेळाडू घेत. त्याचं नाव आलं नाही. तो तांड्यावर परत गेला, वखर धरलं.

फुटाहून जास्त कमी होतं अंतर. तो दोन वर्षं माझ्या रेघेवरून फेकत होता.

१४ ऑगस्ट, गुरुवार

टपरीवर बातमी पोचली. मॅडमनी मुलींना सांगितलं, मुलींनी लालीबाईला, लालीबाईने आमच्या सगळ्या दारव्हा गावाला. आज कुणी चहा प्यायला नाही, सगळे बोलतच होते.

जीवनने मोबाइलवर हिशेब काढला की रेघ बरोबर असती तर गेल्या वीस वर्षांत आपण सहा वेळा तरी झोन जिंकलो असतो. हे कसं काढलं विचारलं तर म्हणाला, अंदाजे. भीमराजचं म्हणणं उलट. रेघ बदलली तर आता घरीही हरू, एक हक्काची जागा होती तीही जाईल. यंदाचं वर्ष तर गेलंच समजा. दोघे अर्धा तास भांडले. मग भीमराज म्हणाला, तो ठेकेदार कोन होता बे, त्याले धरा. मी म्हटलं, तो वारला. खरं तर मला माहीत नाही तो जिवंत आहे की नाही. असेल तर त्याला दीर्घायुष्य लाभो.

गुलाबसिंगने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मोटारसायकलला किक मारून गेला. त्याचा कप अर्धा राहिला होता. त्याला कळलं. नक्की कळलं. बीपी १६४/९८.

२५ ऑगस्ट, सोमवार

पोळ्याच्या सुट्ट्या संपल्या. मॅडमनी नवी रेघ मारायला मलाच बोलावलं, म्हणाल्या, बाबा, तुमचा हात सरळ आहे. या वेळी टेपने मोजलं, चारदा. रंग वाळेपर्यंत तिथेच बसलो, कुत्रं जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी मुली आल्या. नव्या रेघेवरून फेकायला लागल्या आणि एकीचाही चेंडू पोचेना. गुलाब गेला, गुलाब गेला, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पहिल्यांदा हसत होत्या. नंतर हसणं थांबलं. प्रेरणा रेघेवर एकटी उभी राहिली, चाळीस वेळा फेकलं असेल, अंधार पडेपर्यंत. भीमराज म्हणाला, पाह्यलं? आता यवतमाळच काय, घरीबी गेलो.

प्रेरणा सोडून बाकी सगळे गेल्यावर गुलाबसिंग चप्पल काढून कोर्टवर उतरला. मागच्या रेघेपासून टाचेला अंगठा लावत पाऊल पाऊल मोजत आला आणि नव्या रेघेशी थांबला. "एकवीस नि वर चार बोटं. आता बराबर हाये," म्हणाला. मी विचारलं, तुला कसं ठाऊक? तो म्हणाला, आपलं पाऊल आपल्याले ठाऊक नाई राहीन तर कोनाले? खेळाडू माणूस, कुठे वाचलं असेल.

मग त्याने प्रेरणाला हाक मारली आणि म्हणाला, बाई, जोर हातातून नको घेऊ, गुडघ्यातून घे. ती म्हणाली, काका, तुम्ही खेळायचे का? तो म्हणाला, थोडंसं.

८ सप्टेंबर, सोमवार

बोलून बसलो. कसं झालं ते कळत नाही.

गुलाबसिंग चार दिवस आलेला नव्हता, शेतात काम होतं. भीमराज त्याच्यावरून काही तरी नेहमीचं बोलला, हलकंच, की त्याच्या घरचा दुधाचा कॅनही आखूड भरतो. रोज हसतो तसे सगळे हसले. मी एकदम म्हटलं, ठेकेदार नाही, दोर माझा होता. मग थांबता येईना. बकरी, जिनिंग, चुना, सगळं सांगितलं.

मला वाटलं मारतील. मग भीमराज म्हणाला, "चाळीस वर्षं टीम बाहेरच्या पान्यानं नाई हारली, या म्हाताऱ्याच्या दोरानं हारली." आणि हसत सुटला. लालीबाईने माझ्यासमोरून चहा उचलून घेतला आणि परत ठेवला. जीवन मात्र हसला नाही. तो म्हणाला, "मंग गुलाबकाका चुकलेच नव्हते ना? अडतीस वर्षं आपन त्या मानसाले बोलून राह्यलो."

यावर भीमराजचं हसू मावळलं. सगळ्यांत जास्त तोच बोलत आला आहे. तासाभरात ठरलं की गुलाबसिंगचा सत्कार करायचा. कोर्टवर, मुलींसमोर, शाल श्रीफळ, मॅडमच्या हस्ते. भीमराज त्याच्यासाठी जुन्या मापाचा, तेव्हाच्याच सात नंबरचा ड्रेस शिवणार. आणि बोलवायला तांड्यावर कोण जाणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

९ सप्टेंबर

कांताला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमाले त्याची माफी पाह्यजे का त्याचं भलं पाह्यजे, ते आधी ठरवा. मंग जा." मी म्हटलं, दोन्ही एकच. तिने नुसतं सूप झटकलं.

१४ सप्टेंबर, रविवार

तांड्यावर जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

दारात हंसाबाई, गुलाबसिंगची बायको, शेंगा फोडत होती. जय भीम, जय सेवालाल झालं. तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावर होता, सोयाबीन पिवळं पडायला लागलं आहे. मी तिथेच गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. दोर, चुना, ठेकेदाराचं खोटं. म्हटलं, गुलाबसिंग, तुझी नोकरी माझ्या दोराने गेली. तुझं काही चुकलं नव्हतं. शनिवारी सत्कार आहे, ये.

तो हातातलं गवत वेगळं करत होता. म्हणाला, "मले माहीत होतं, भाऊ."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

मग त्याने सांगितलं. फायनलच्या आठ दिवस आधी तो एकटा एसटीने अमरावतीला गेला होता, कोर्ट कसं आहे पाहायला. पावलाने मोजलं. परत येऊन आपलं मोजलं. सव्वा पाऊल कमी. कुणाला बोलला नाही. घरी बोरीच्या झाडाला बैलगाडीची जुनी लोखंडी पट्टी वाकवून बांधली, खाली राखेने रेघ मारली, बरोबर एकवीस पाऊल चार बोटांवर, आणि रोज पहाटे दोनशे चेंडू. आठ दिवस. शेवटी शेवटी दहातले नऊ जायचे.

मी विचारलं, मग सरांना काहून नाही सांगितलं?

"तुमी तवा टेंपरवारी होते. दीपा, तुमची लेक, वैनीच्या पोटात होती. सरानं दोर पाह्यला असता तर दुसऱ्या दिवशी तुमी घरी बसले असते."

मी धुऱ्यावर बसलो. तो पण बसला. मी म्हटलं, मग ते दोन चुकले कसे?

त्याने हातातलं गवत खाली ठेवलं. मग म्हणाला, "भेलो. तेवढंच. समोर ते निवडनारे दिसले, मायबाप दिसले, ट्रकवरचे तुमी सगळे दिसले, आन् हात धरल्यासारखा झाला. पहिला चुकल्यावर दुसरा चुकनार हे मले चेंडू हातात घ्यायच्या आधीच समजलं होतं."

मी म्हटलं, पण लोकांना हे कशाला सांगायचं? रेघ आखूड होती हे खरंच आहे ना? शाल घे, विषय संपेल. अडतीस वर्षांचं संपेल.

तेव्हा तो चिडला. मी त्याला चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "ते दोन माहे होते, भाऊ. चांगले का वाईट, माहे होते. मी त्याच्यासंग नांदलो, पोरं मोठी केली. आता म्हाताऱ्यापनी तुमी येता आन् म्हनता, ते तुहे नाई, दोराचे हायेत. त्यातला एकबी मी तुमाले देत नाई."

हंसाबाईने जाताना शेंगा बांधून दिल्या. तिने सगळं ऐकलं असावं.

१५ सप्टेंबर

खरं लिहायचं तर मला वाईट वाटतं आहे. पाच आठवडे ज्याच्यासाठी झोप गेली ते माझं नव्हतंच. हलकं वाटायला पाहिजे. वाटत नाही. उलट काही तरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटतं. कांता म्हणाली, "आता कळलं का त्याले काहून राग आला?" मला नाही कळलं. माझं मन राखायला तो असं बोलला असेल का? पण माप तर त्याला आधीपासून पाठ होतं.

आणि तो माझ्यासाठी गप्प बसला होता. याचं काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

टपरीवर सांगितलं की गुलाबसिंगची सोयाबीनची सोंगणी आहे, कापणी सोडून सत्काराला जमणार नाही. बाकी काही सांगितलं नाही. वहीत लिहिलं ते वहीत राहील. भीमराज नाराज झाला, शाल दुकानदार परत घेईना. शेवटी लालीबाईच्या अंगावर घातली. सत्कार कशाबद्दल, ते ठरलं नाही. तिने मात्र सगळ्यांना एक एक चहा फुकट दिला.

मग पुन्हा यंदाच्या टीमचं सुरू झालं. जीवन म्हणतो, प्रेरणाचे आता दहातले सहा जातात, त्याने मोजले. भीमराज म्हणतो, सहाने काय होतं. मला वाटतं जीवन बरोबर आहे. पण मी काळजीत होतो म्हणून भीमराजच्या बाजूने बोललो. बीपी १४४/८८.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जिंकलो. सात गुणांनी. हे आधी लिहून ठेवतो.

सामना यवतमाळला होता. आम्ही जीपने निघालो, भीमराज, जीवन, लालीबाई टपरी बंद करून, आणि मी. तांड्याच्या फाट्यावर गुलाबसिंग उभा, धुतलेला पांढरा सदरा घालून. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. ८७ नंतर तो बाहेरगावच्या सामन्याला आला नव्हता. जीप थांबली, तो माझ्या बाजूला सरकून बसला. भीमराजने त्याला खिडकी दिली.

शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आपण फक्त एका गुणाने पुढे होतो आणि प्रेरणाला दोन फ्री थ्रो मिळाले. अशा वेळी मला बघवत नाही. मी डोळे मिटले. तेवढ्यात मनगटावर हात पडला. पाहिलं तर गुलाबसिंगनेही डोळे मिटलेले. दोघांनी मिटले तर बघणार कोण, म्हणून मी उघडले.

ती रेघेवर उभी राहिली. चेंडू दोनदा जमिनीवर आपटला. गुडघे वाकवले. लोक दोन्ही बाजूंनी इतके ओरडत होते की आवाजावरून काही कळलं नसतं.

"काय झालं, भाऊ?"

"पयला गेला."

मनगट त्याने सोडलं नाही. दुसरा हातातून सुटला, रिंगच्या पुढच्या कडेला लागला आणि खाली पडला.

"आन् दुसरा?"

मला खोटं बोलायची सवय आहे, या वहीत ती लिहिलेली आहे. पण म्हटलं, "आखूड पडला."

त्याचे डोळे अजून मिटलेलेच. मग म्हणाला, "पोरगी काय करून राह्यली?"

मी म्हटलं, "पळून राह्यली. वापस, आपली रिंग वाचवाले."

तेव्हा त्याने डोळे उघडले.